अठ्ठ्याहत्तर-चारशे

"पाय काढा," ती म्हणाली.

काट्यावर उभ्या असलेल्या माणसानं खाली बघितलं. त्याचे दोन्ही पाय काट्यावरच होते. ते काढून आता ठेवायचे कुठे, हे त्याला समजेना.

"तुमचे नाही. तुमच्या मागचे."

मागे रांगेत एक आजोबा उभे होते. छताच्या पंख्याकडे असे बघत होते, जसा काही तो पंखा त्यांनीच बसवलाय. पण उजव्या पायाचा अंगठा मात्र काट्याच्या कडेवर अलगद टेकलेला. आकडा त्र्याऐंशीच्या आसपास नाचत होता. अंगठा निघाला, आकडा घसरला... थांबला. अठ्ठ्याहत्तर किलो चारशे ग्रॅम.

"मला वाटलं दोन महिने घरी बसून एवढा फुगलो की काय," काट्यावरचा माणूस म्हणाला.

"बोलू नका. बोललं की आकडा हलतो."

"आणि बघितलं की?"

त्याच्या खिशातल्या वस्तू समोरच्या ट्रेमध्ये होत्या — किल्ल्यांचा जुडगा, एक शिट्टी, आणि पितळेचा जाडजूड तुकडा. ती त्या तुकड्याकडे बघत राहिली, कारण त्याच्याकडे बघायचं नव्हतं.

पाइपाचं तोंड आहे, त्यानंच सांगितलं. तो बंबावर होता, आग विझवणाऱ्यांत. शिडी घसरली, पाय मोडला, दोन महिने प्लॅस्टर. आता पाय सुटा झाला होता, पण नोकरी अडकली होती. एक महिन्यानं परीक्षा. ऐंशी किलोचा वाळू भरलेला पुतळा खांद्यावर टाकायचा आणि तीन मजले नव्वद सेकंदांत उतरायचे. संधी एकच. नाही जमलं तर जन्मभर फोनवर बसायचं.

"फोनवर काय वाईट आहे?" तिनं विचारलं.

"लोक ओरडत असतात... आणि आपण दुसऱ्याला पाठवायचं," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो चेष्टेत बोलत नव्हता.

बंबवाला हे नाव तिनं मनात तिथंच ठेवलं. त्यानं तिचं ठेवलं काटेवाली, आणि तेही तोंडावर. वजनाचा काटा सांभाळते म्हणून, असं त्याचं म्हणणं. दुसरा अर्थ काढायचा असेल तर ज्यानं त्यानं काढावा.

हे सगळं चाललं होतं एका डॉक्टरांच्या केंद्रात, दुसऱ्या मजल्यावर. ज्यांना वजन उतरवायचंय ते, ज्यांना चढवायचंय ते, आजारातून उठलेले, सगळे तिथं यायचे. तिनं त्यांना काट्यावर उभं करायचं, यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी फायलीत लावायची, आणि त्या पट्टीवरून खाण्याचा तक्ता हातानं लिहून द्यायचा. डॉक्टर संध्याकाळी तक्त्यांच्या गठ्ठ्यावर सह्या करायचे, न वाचता. तिच्या नोकरीला पाच महिने झाले होते. सहा झाले की कायम.

आता यातली गंमत ऐका. बाहेर बाकावर बसलेल्यांना नावानं हाक मारायची नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. माणसं लाजतात. मग टेबलावरच्या मावशी म्हणायला लागल्या, "अहो, आत या." तर 'अहो' ऐकलं की बाकावरचे सगळे पुरुष एकदम उठायचे, लग्न झालेले जरा जास्तच घाईनं. शेवटी मावशींनी तोड काढली. वजनानं हाक मारायची. "एक्क्याण्णव-दोनशे, चला आत." नाव लपवायचं म्हणून वजन ओरडून सांगायचं, हा शहाणपणा कुणालाच खटकला नाही. हळूहळू फायलीही तशाच लागायला लागल्या. वजनानं.

एकाच वजनाची दोन माणसं एकाच सकाळी उगवतील, हे मावशींच्या डोक्यात कुठून येणार?

ते आजोबा म्हणजे डॉक्टरांचे सासरे. आयुष्यभर शिंपीकाम केलेले, आता दिवसभर खिडकीत बसून स्वतःशीच बुद्धिबळ खेळणारे, आणि दोन्ही बाजूंनी लबाडी करणारे. पोट सुटलं होतं, म्हणून जावयानं आणून सोडलं होतं. ते काट्यावर चढले. अठ्ठ्याहत्तर-चारशे. तिनं काटा तपासला, त्यांना पुन्हा चढवलं. अठ्ठ्याहत्तर-चारशे.

"जुळे निघालो की आपण," सासरेबुवा बंबवाल्याला म्हणाले.

मग आतल्या खोलीत दोघांना पाळीपाळीनं पलंगावर आडवं केलं. डोक्यावर पारदर्शक झाकण. वीस मिनिटं नुसतं पडायचं, आणि आत जाणाऱ्या-येणाऱ्या श्वासावरून यंत्र सांगणार, हा माणूस काहीही न करता दिवसाला किती जाळतो.

"झोपायचं, पण झोप लागू द्यायची नाही," तिनं बंबवाल्याला बजावलं. "बोलायचं नाही. हसायचं नाही."

"श्वास?"

"तो घ्या. तोच मोजायचाय."

वीस मिनिटं तो काचेआडून तिच्याकडे बघत होता, आणि ती घड्याळाकडे. घड्याळ इतकं निरखून बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

झाकण निघाल्यावर तिनं आकडा वाचला. अठराशे कॅलरी. नुसतं पडून. पुढे तो जिने चढणार, ओझी उचलणार, ते सगळं धरलं तर दिवसाला एकतीसशेच्या घरात. त्याला ते खरं वाटेना. आजोबांचं वजन तेवढंच, मग त्यांचा आकडा साडेचौदाशे कसा?

"ते वजन आहे. आत काय भरलंय ते वेगळं," ती म्हणाली. "चरबी फारसं काही मागत नाही, बसून असते. स्नायूंना बसल्या जागीही खायला लागतं. एकेक किलो म्हणजे एक लहानशी शेगडी समजा... मंद, पण चोवीस तास पेटलेली. तुमच्याकडे अशा शेगड्या जास्त आहेत."

"म्हणजे माझ्या अंगात आग आहे."

"आहे."

"आणि मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या विझवत हिंडतोय."

ती हसली. जोरात, अगदी डोकं मागे टाकून. त्या वेळी तिच्या हातात दोन पट्ट्या होत्या, वरती एकच आकडा छापलेल्या. हसता हसताच तिनं त्या दोन फायलींत सरकवल्या.

एक इकडे. एक तिकडे. उलट्या.

संध्याकाळी तिनं तक्ते लिहिले. बंबवाल्याच्या फायलीतली पट्टी बघून पंधराशे कॅलरी लिहिल्या, गोड बंद, संध्याकाळी हलकं फिरणं, गुडघ्यांवर ताण नको. सासरेबुवांच्या फायलीतली पट्टी बघून एकतीसशे, रोज सहा अंडी, दुपारी चार बटाटे, जिन्याच्या सरावानंतर अर्ध्या तासात भरपूर खाणं. फायलीवर वजन होतं, पट्टीवर वजन होतं, दोन्ही जुळत होतं, नाव कुठेच नव्हतं. डॉक्टरांची सही झाली.

वजन पुन्हा तीन आठवड्यांनी. मधे काट्यावर चढायची बंदी, कारण रोज वजन करणारी माणसं वेडी होतात असं डॉक्टरांचं मत होतं. पण बंबवाला आठवड्यातून तीनदा वरच्या मजल्यावर व्यायामाला यायचा, आणि जाता-येता काट्याच्या खोलीत डोकवायचा.

पहिल्या आठवड्यात तो दारात टेकून उभा राहायचा. दुसऱ्या आठवड्यात स्टुलावर बसायला लागला. तिला वाटलं, बसतोय म्हणजे जास्त वेळ थांबायचंय. तिला बरं वाटलं.

त्याचं बोलणंही बदललं होतं. आता तो बटाट्यांविषयी बोलायचा. उकडलेला बटाटा, गरम, सालीला नुकती चीर गेलेली, आतून वाफ येतेय, वर मीठ... इतक्या हळुवार आवाजात की तिचे कान लाल व्हायचे. पुरुष अशा आवाजात बटाट्याविषयी बोलतो तेव्हा त्याला भलतंच काही म्हणायचं असतं, अशी तिची समजूत. बिचाऱ्याला फक्त भूक लागलेली असायची.

एकदा तिनं विचारलं, तक्ता पाळताय ना? त्यानं छातीच्या खिशातून तो काढून दाखवला. घड्यांवर झिजलेला. एक घासही इकडचा तिकडे केला नव्हता, म्हणाला. पोट बोंबलतं, पण पहिल्या दिवशी तिनं सांगितलं होतं, पोटाचं ऐकू नका, कागदाचं ऐका.

"आणि ते गुडघ्यांवर ताण नको लिहिलंय ना," तो तक्त्याची घडी घालत म्हणाला, "ते मी रोज वाचतो. एवढी काळजी घरीसुद्धा कुणी घेत नाही."

ती चमकली. गुडघ्यांचं त्याला कधी लिहिलं आपण? पण तो बघत होता. अशा बघण्यापुढे गुडघे कुणाला आठवतात.

तीन आठवडे पुरे झाले त्या मंगळवारी तो काट्यावर चढला.

चौऱ्याहत्तर-शंभर.

तिनं त्याला उतरवलं, पुन्हा चढवलं. तेच. यंत्रातून पट्टी सरकत बाहेर आली. उतरलेल्या वजनात जवळजवळ अर्धं मांस होतं. मांड्यांचं, पाठीचं, खांद्यांचं... ज्यावर तो पुतळा पेलायचा, तेच. शेगड्या विझत चालल्या होत्या, आणि शरीरही शहाणं, जेवढं कमी मिळतंय तेवढ्यात भागवायला लागलं होतं.

"चांगलं आहे ना?" त्यानं विचारलं. त्याच्या गालांची हाडं वर आली होती. ती तिला रोज दिसत होती, आणि छान दिसतायत असंच वाटत होतं.

"फाइल बघून सांगते," ती म्हणाली. तो वर गेला.

जुनी पट्टी तिनं उजेडात धरली. वरती अठ्ठ्याहत्तर-चारशे. खाली वय... अडुसष्ट.

दाराशी खाकरल्याचा आवाज झाला. सासरेबुवा उभे होते, दोन्ही हात पोटावर.

त्यांचं वजन भरलं एक्क्याऐंशी-सहाशे.

"जावयाला सांगायचं नाही," ते खाली उतरत म्हणाले. "मला चौथ्या दिवशीच कळलं होतं हा कागद माझा नाही. जिन्याच्या सरावानंतर खा म्हणे. मी पलंगावरून उतरलो की अर्ध्या तासात खायचो. पँटचा कंबरपट्टा तीनदा उसवून सैल केला, कुणाला पत्ता नाही. शिवणच तशी घातलीय."

तिनं बंबवाल्याची नवी पट्टी त्यांच्यापुढे धरली, तेव्हा त्यांचा उत्साह जरा मावळला. मग त्यांनी तिला तोडगाही सुचवला. पट्ट्या गुपचूप बदलून टाक. मी उद्यापासून उपाशी राहतो, तो पोरगा उद्यापासून खाईल. मी बोलत नाही, तूही बोलू नकोस. तुझी नोकरी राहते, माझी अब्रू राहते.

आता, तिनं काय करायला हवं होतं हे तुम्हालाही माहीत आहे आणि तिलाही माहीत होतं. पण सहावा महिना पुरा व्हायला अकरा दिवस होते. तिनं पट्ट्या बदलल्या.

तो खाली आला तेव्हा तिनं नवा तक्ता पुढे केला आणि सांगितलं, पहिला टप्पा संपला, आता दुसरा. बंबवाल्यानं वाचलं. सहा अंडी. चार बटाटे. पुन्हा वाचलं. त्याचे डोळे भरून आले होते की काय, देव जाणे.

"चार," तो म्हणाला. "काटेवाली... लग्न करतेस का माझ्याशी?"

तो चेष्टेत म्हणाला होता. म्हणजे निदान अर्धा तरी. तिला हसता आलं नाही. तिनं मान खाली घालून शिक्का मारला, आणि तो भलत्याच कागदावर पडला.

बुधवारी तिनं पुस्तकं उघडली. गेलेलं मांस दहा दिवसांत भरून येत नाही, कितीही बटाटे घाला. गुरुवारी तिनं त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, परीक्षा पुढे ढकलता येते का? येते, म्हणाला. चूक दुसऱ्याची होती असं उपचार करणाऱ्यांनी लेखी दिलं तर. आणि ते परीक्षेआधी. नापास झाल्यावर काही चालत नाही. पण इथं कुणाची काय चूक झालीय, म्हणून तो हसला.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती बंबाच्या आवारात गेली.

तिथं सरावासाठी बांधलेली तीन मजल्यांची नुसती जिन्याची इमारत होती, भिंती नसलेली, त्यामुळे सगळं दिसत होतं. बंबवाला वरून निघाला होता. खांद्यावर तो पुतळा, ज्याला ते सगळे 'पाहुणा' म्हणायचे. पहिला जिना तो बरा उतरला. दुसऱ्या जिन्यावर पाय थरथरायला लागले... तिला इतक्या लांबूनही दिसत होते. मधल्या पायरीवर त्याचा गुडघा वाकला आणि पाहुणा धाडकन खाली गेला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

ती जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. तो पायरीवर बसला होता, तळहात मांडीवर दाबून, थरथर लपवत.

"होईल," तो म्हणाला. "दुसरा टप्पा सुरू झालाय ना."

"दुसरा टप्पा असं काही नाहीये," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. दोन पट्ट्या, एक आकडा, तिचं ते हसणं. तीन आठवडे तो अडुसष्ट वर्षांच्या शिंप्याचं जेवण जेवत होता, आणि शिंपी त्याचं. ती न थांबता बोलत राहिली, थांबलं तर रडू येईल म्हणून.

तो ऐकत होता. चेहऱ्यावर राग दिसेना, म्हणून तिला जरा धीर आला. मग त्यानं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार."

"हो."

"चूक हसताना झाली... ते मी समजू शकतो," तो सावकाश म्हणाला. "पण मंगळवारी तू हसत नव्हतीस."

तो उठला. पाहुण्याला काखेत धरून, ओढत, वर निघाला. तिनं मागून हाक मारायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, हाक मारायला तिच्याकडे काही नाही. तिनं त्याला आजवर वजनानंच बोलावलं होतं, आणि ते वजन तिनंच घालवलं होतं.

केंद्रात परत आल्यावर तिनं पत्र लिहिलं. चूक माझी, असं पहिल्याच ओळीत. डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला, जी वाईट खूण होती. आवाज चढला नाही, पण एकेक शब्द टाचणीसारखा. एका माणसाच्या पोटाशी खेळलीस. माझ्या नावाशी खेळलीस. आणि तीन दिवस गप्प राहिलीस.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. सासरेबुवांना घरी फार करमेना, म्हणून हल्ली ते तिथंच रेंगाळायचे.

"गप्प तर मी वीस दिवस होतो, जावईबापू," ते म्हणाले. "आणि त्या दोन्ही कागदांवर सही कुणाची आहे, ते जरा चष्मा लावून बघा."

डॉक्टरांनी चष्मा लावला. दोन्ही तक्ते बघितले. मग पत्रात 'चूक माझी' होतं तिथं 'आमची' केलं आणि सही ठोकली. परीक्षा सात आठवडे पुढे गेली.

पण ती सुटली नाही. काट्याला तीन महिने हात लावायचा नाही. वर व्यायामाच्या खोलीत टॉवेल धुवायचे, वाळवायचे, घड्या घालायच्या. कायम करण्याचं त्यानंतर बघू.

म्हणजे शिक्षा बघा कशी. ज्या खोलीत तो आठवड्यातून तीनदा येणार, त्याच खोलीच्या कोपऱ्यात ती. आणि तो बोलत नव्हता. यायचा, टॉवेल उचलायचा, ओझी उचलायचा, टॉवेल टाकायचा, जायचा. ती घड्या घालायची. इतक्या सरळ घड्या त्या केंद्रात आधी कधी कुणी घातल्या नव्हत्या.

तक्ता आता डॉक्टर स्वतः लिहायचे. बंबवाला तो पाळायचा की नाही, ते तिला विचारता येत नव्हतं. पण दिसत होतं. दुसऱ्या आठवड्यात गालांची हाडं आत गेली. तिसऱ्या आठवड्यात तो दोन जिने न थांबता चढून आला, आणि शिट्टी वाजवत आला. तिला बघून शिट्टी थांबली. एकदा कमावलेलं मांस गेलं तरी शरीर ते लवकर परत मिळवतं, हे तिनं वाचलं होतं. गेलेला विश्वास किती आठवड्यांत भरतो, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

चौथ्या आठवड्यात एक दिवस तो गेल्यावर ती टॉवेलांच्या गठ्ठ्याकडे वळली. सगळ्यात वरच्या टॉवेलावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. गरम.

तिनं उलगडलं. एक उकडलेला बटाटा. सालीला नुकती चीर गेलेली. शेजारी मिठाची पुडी, एवढीशी.

चिठ्ठी नव्हती. तिनं तो उभ्यानंच खाल्ला, वाफ तोंडावर घेत. डोळ्यांत पाणी आलं ते चटका बसल्यामुळे, असं ती मावशींना म्हणाली. मावशींनी काही विचारलंच नव्हतं.

त्यानंतर आठवड्याला एक बटाटा. बोलणं शून्य.

परीक्षेच्या दिवशी ती गेली, बोलावलं नसताना. आवाराच्या फाटकाआड उभी राहिली. तर तिथं आधीच सासरेबुवा. त्यांची पँट आता आत घेतलेली होती, दोन बोटं.

"माझाही जीव अडकलाय," ते म्हणाले. "त्याची सव्वीस अंडी अंगावर आहेत माझ्या. म्हणजे... एकशे सव्वीस."

वर, तिसऱ्या मजल्यावर, बंबवाला उभा होता. खाली घड्याळ घेऊन त्यांचे साहेब. शिट्टी वाजली.

त्यानं पाहुण्याला खांद्यावर घेतलं. पहिला जिना. ती मनात आकडे मोजत होती, तिला दुसरं काही येतच नव्हतं. एकवीस, बावीस. वळण. दुसरा जिना... तीच पायरी. तिथं आल्यावर तो क्षणभर थांबला. का थांबला? छत्तीस, सदतीस. मांडी थरथरली. तिला वाटलं, आपण बघितलं की आकडा हलतो, बघायला नको. तिनं डोळे मिटले. मिटले, तर सासरेबुवांनी कोपरानं ढोसलं.

"बघ. तुला बघायलाच हवं."

पाय सावरला होता. एकावन्न. तिसरा जिना. बूट पायऱ्यांवर ठाण ठाण वाजत होते. ऐंशी. एक्क्याऐंशी. शेवटच्या तीन पायऱ्या. त्यानं पाहुण्याला जमिनीवर ठेवलं — टाकलं नाही, ठेवलं, झोपलेल्या माणसाला ठेवावं तसं.

सत्त्याऐंशी सेकंद.

मग त्या लोकांनी जे करायचं तेच केलं. पाइप सोडला. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि आवारात धो धो पाऊस. बंबवाला भिजला, साहेब भिजले, फाटकाआड लपलेली बाई आणि म्हातारा तेही भिजले. त्या पाण्यातच तो फाटकाशी आला आणि कडी काढली.

"काटेवाली," तो म्हणाला. "वजन करायचंय."

"मला काट्याला हात लावायला बंदी आहे. अजून पाच आठवडे."

"तिथल्या. आमच्या नाही."

आवाराच्या कोपऱ्यात पाहुण्याची वाळू मोजायचा जुना काटा होता, सुईचा, गंजलेला. बंबवाला त्यावर उभा राहिला. अंगातून पाणी निथळत होतं. बाकीचे सगळे काहीतरी काम असल्यासारखे जवळपास घोटाळत होते. ती सुई बघायला पुढे वाकली.

"मंगळवारचं," ती खालीच बघत म्हणाली, "मी घाबरले होते. नोकरीसाठी... आणि तुम्ही यायचे थांबाल म्हणून. पुन्हा नाही लपवणार. काहीच."

"मग एक सांग. खरं. मी दारात टेकून उभा राहायचो, ते तुला भूक वाटायची की दुसरं काही?"

"दुसरं काही."

"होतंच ते," तो म्हणाला. "भूक नंतर लागली."

तिनं सुईवरचं पाणी पुसलं. सुई चौऱ्याऐंशीपाशी थरथरत होती. हे शक्यच नव्हतं. आठ आठवड्यांत दहा किलो? तिनं पुन्हा वाचलं. त्याच्या ओल्या सदऱ्याचा वास येत होता, धुराचा आणि साबणाचा. इतका जवळून कसा येतोय, म्हणून तिनं खाली बघितलं.

काट्याच्या पाटावर तीन पाय होते. दोन त्याचे. तिसरा... ती कधी एवढी जवळ आली होती, तिला कळलंच नव्हतं.

"अहो..." ती म्हणाली.

आवारातल्या सगळ्या पुरुषांनी एकदम वळून बघितलं. सासरेबुवांनीसुद्धा.

तिचे कान लाल झाले, पण शब्द तिनं परत घेतला नाही. "अहो, माझा पाय आहे तो."

बंबवाल्यानं सुईकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"असू दे," तो म्हणाला.